कण्हेरीखालच्या लेंड्या : ओलिएंडर हॉकमॉथ ओळखायचा आणि वाढवायचा कसा

बहुतेक लोक अळी शोधायला झाडाकडे बघतात. तुम्ही आधी जमिनीकडे बघा. कण्हेरीच्या किंवा तगरीच्या झुडपाखाली मिरीच्या दाण्याएवढ्या, गडद हिरव्या-काळ्या, उभ्या खाचा असलेल्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर वर कुठेतरी बोटाएवढी जाड अळी बसलेली आहे. लेंडी ताजी, ओलसर असेल तर अळी तिच्या थेट वरच्याच फांदीवर असते. सुकून कडक झालेली असेल तर बाई केव्हाच पुढे सरकल्या.

या अळीचा पुढे जो पतंग होतो, त्याला ओलिएंडर हॉकमॉथ म्हणतात. लिनीअसने 1758 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, आज तो डॅफ्निस नेरी या नावाने ओळखला जातो. त्यातलं 'नेरी' हे कण्हेरीच्या वंशाच्या, म्हणजे नेरियमच्या नावावरून आलं आहे. पतंगांचा नाद नव्याने लागलेल्या कुणालाही मी सुरुवात याच्यापासून करायला सांगतो. अळी मोठी, ओळखायला सोपी, तिचं अन्न बागेत मिळणारं, आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा प्रवास उबदार हवेत साधारण दीड महिन्यात डोळ्यांदेखत पुरा होतो. फक्त एका टप्प्यावर नवखा माणूस हमखास चुकतो. तो टप्पा खाली येईलच. मीही तिथेच चुकलो होतो.

आधी विषाबद्दल

कण्हेरीचं पान, फूल, साल, चीक, बी, सगळंच विषारी आहे. त्यातलं ओलिएंड्रिन हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करतं. फांदी तोडल्यावर हात साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका, आणि लहान मुलं किंवा पाळीव जनावरं पोचतील अशा जागी पानं ठेवू नका. कुणाच्या पोटात गेलंच, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच डॉक्टरांकडे जा. हे सगळं फार वाटत असेल तर तगरीवर किंवा सदाफुलीवर मिळालेली अळी वाढवा. चीक त्यांनाही असतो आणि हात धुवायचा नियम तिथेही लागू आहे, पण तगरीची कोवळी फांदी हाताळताना माझा तरी जीव कमी टांगणीला लागतो.

मग अळी हे विष पचवते कशी? पेशींमध्ये क्षार आत-बाहेर करणाऱ्या ज्या सोडियम-पोटॅशियम पंपावर कण्हेरीचं विष हल्ला करतं, तो पंप या अळीच्या अंगातही तितकाच नाजूक असतो. तिचा बचाव वेगळा आहे. ती हे विष अंगात साठवून घेत नाही. मोनार्क फुलपाखराची अळी रुईच्या जातीच्या झाडांचं विष साठवते आणि भडक पट्टे मिरवत 'मला खाऊ नका' असं जाहीर करते. आपल्या अळीकडे तशी साठवलेली ढाल नाही. तिचा सगळा भर लपण्यावर आणि वेळ आलीच तर धाक दाखवण्यावर. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की तिचा हिरवा रंग, तिचे निळे डोळे आणि तिच्या बसण्याच्या जागा, सगळं आपोआप उलगडतं.

कुठे आणि केव्हा शोधायचं

हा पतंग आफ्रिकेत, भूमध्य समुद्राभोवतीच्या उबदार पट्ट्यात, पश्चिम आशियात आणि तिथून दक्षिण व आग्नेय आशियात सर्वत्र आढळतो. हवाई बेटांवर तो बाहेरून येऊन स्थिरावला. मूळचं त्याचं घर म्हणजे जिथे रानकण्हेर माजते ते कोरडे नदीपात्र, ओढ्याचे काठ, वाळवंटातली हिरवळ आणि ऊन लागणारे डोंगरउतार. माणसाने कण्हेर रस्त्याच्या मधोमध, कुंपणाला, बागेत लावली, तसा तोही शहरात आला. उडण्यात तो तरबेज आहे. उन्हाळ्यात दक्षिणेकडून निघून युरोपात पार उत्तरेपर्यंत पोचतो, तिथे अंडीही घालतो. पण त्याच्या कोषाला गारठा सोसत नाही, त्यामुळे तिथली पिढी हिवाळ्यात संपते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे पाहुणे यावे लागतात.

शोधायला संध्याकाळ चांगली. झाडाला नवी पालवी फुटलेली हवी, कारण मादी बहुतेक वेळा कोवळ्या पानांवर अंडी घालते. छाटणी केलेल्या झुडपाला दोन-तीन आठवड्यांनी जी लुसलुशीत पालवी येते ती नीट तपासा. सावलीतलं, इतरांपासून जरा सुटं उभं असलेलं झाड मी कधीच सोडत नाही. लेंड्या दिसल्या की त्याच्या थेट वर नजर न्या आणि शेंडे खाल्लेल्या फांद्या शोधा. अळी पानं कुरतडून भोकं पाडत नाही, कडेपासून सुरू करून मधल्या शिरेपर्यंत साफ करते. फांदीच्या टोकाला नुसते देठ उरलेले दिसले की समजा, ती तिथून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूला पाठ जमिनीकडे करून लटकलेली आहे. मोठी अळी दिसायला सोपी असेल असं वाटतं, पण फांदीवर नजर टाकून तीन वेळा तिच्यावरून पुढे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

अंडं आणि लहान अळी

अंडं फिकट हिरवं, जवळजवळ गोल, जेमतेम दीड मिलिमीटरचं. एका जागी एकच. पानाच्या वरच्या बाजूलाही असतं, खालच्याही. अंडं सापडलं तर पानासकट फांदीचा शेंडा घ्या, अंडं खरवडून काढायचा प्रयत्न करू नका. उबदार हवेत चार-पाच दिवसांत ते फुटतं, थंडाव्यात जास्त दिवस लागतात.

बाहेर येते ती तीन-चार मिलिमीटरची पिवळी अळी. तिच्या मागच्या टोकाला केसासारखं बारीक काळं शिंग असतं आणि अंगाच्या मानाने ते हास्यास्पद लांब असतं. पुढच्या एक-दोन दिवसांत पानं पोटात गेली की ती हिरवी होत जाते. या वयात तिला कोवळंच पान लागतं. जून, चिवट पान दिलंत तर ती त्यावर फिरत राहील आणि उपाशी मरेल. लहान अळ्यांच्या मरणाचं सर्वांत मोठं कारण हेच. दुसरं कारण म्हणजे आपली बोटं. चिमूटभर अळीला उचलायला जाऊ नका. ती ज्या पानावर आहे ते पान कातरीने कापा आणि नव्या पानावर ठेवा, ती स्वतःच्या पायांनी जाईल.

राहण्याची सोय

झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा पुरतो. तळाला साधा कागद पसरा, रोज लेंड्यांसकट उचलून टाकता येतो. डब्यात आतून पाण्याचे थेंब जमत असतील तर हवा कमी आहे. दमट, घाणेरड्या डब्यात अळ्यांना जुलाब लागतात, मग त्या लुळ्या पडून काळ्या होतात, आणि एकीला लागलेला रोग सगळ्यांना लागतो. म्हणून एका डब्यात दोनतीनपेक्षा जास्त ठेवू नका.

अळी थोडी मोठी झाली की फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून ठेवता येते, पान दोन दिवस ताजं राहतं. पण बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. अळ्या फांदीवरून खाली उतरतात, थेट पाण्यात जातात आणि बुडून मरतात.

पानांबद्दल दोन गोष्टी. ज्या जातीच्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पानं शेवटपर्यंत द्या, मधेच कण्हेरीवरून तगरीवर नेऊ नका, कारण ती नवं पान नाकारू शकते. आणि नुकतंच विकत आणलेल्या रोपाची पानं कधीही देऊ नका. रोपवाटिकेत मुळांतून दिलेलं कीटकनाशक पानात उतरलेलं असतं, ते धुऊन जात नाही. माझी चार अळ्यांची एक तुकडी एका रात्रीत अशीच गेली. निमित्त होतं एक सुंदर, गुलाबी फुलांचं, नवं कोरं रोप.

वाढ, कात आणि निळे डोळे

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. कात टाकण्याआधी ती खाणं थांबवते, देठाला किंवा शिरेला पाय घट्ट रोवून जवळजवळ दिवसभर हलत नाही. डोकं पुढे निघाल्यासारखं दिसतं. या वेळी तिला ओढून काढलंत तर जुनी कात अडकते आणि अळी जगत नाही. डबा साफ करायचा असला तरी ती बसलेली फांदी तशीच राहू द्या.

पूर्ण वाढलेली अळी सात-आठ सेंटीमीटर किंवा त्याहूनही लांब होते. अंग पोपटी हिरवं, दोन्ही बाजूंनी एक पांढरी पट्टी, तिच्या आजूबाजूला विखुरलेले पांढरे-निळसर ठिपके. ते लांब काळं शिंग आता आखूड, पिवळसर-नारिंगी आणि खाली वाकलेलं असतं. पण खरी खूण आहे डोक्यामागच्या भागावरचे दोन मोठे डोळे, मध्ये पांढुरके, भोवती निळे, कडेने काळी रेघ असलेले. हे खरे डोळे नव्हेत, कातडीवरचं चित्र आहे. अळी शांतपणे खात असताना ते कातडीच्या घडीत अर्धे लपलेले असतात. फांदीला हलकासा धक्का लागला की ती डोकं आत ओढून घेते, मान फुगवते आणि ते डोळे एकदम मोठे होतात. ऐन रात्री टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा हे बघितल्यावर हात मागे जातोच. धाक दाखवण्याबाबत वर म्हटलं ते हे. ती माणसाला चावत नाही, शिंग टोचत नाही, तिच्याजवळ केस किंवा काटेही नाहीत. काही अळ्या हिरव्याऐवजी तपकिरी-तांबूस असतात, ती वेगळी जात नव्हे.

शेवटच्या अवस्थेत ती आयुष्यभरातल्या खाण्याचा मोठा वाटा खाऊन टाकते. सकाळी भरलेली फांदी संध्याकाळी रिकामी झालेली दिसेल. आता तिला जून पानंही चालतात. अंड्यातून निघाल्यापासून इथवर यायला साधारण तीन आठवडे लागतात.

नवख्यांचा एक नेहमीचा घोटाळा. कण्हेरीवर राहणारं आणखी एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे कॉमन क्रो फुलपाखराची अळी. तिच्या पाठीवर काळ्या, मऊ दोऱ्यांसारख्या चार जोड्या असतात, अंगावर पांढरे-तपकिरी आडवे पट्टे. तिला मागे शिंग नसतं आणि डोळेही नसतात. शेंड्यावर दाटीवाटीने बसलेले पिवळे-नारिंगी कण दिसले तर ते मावा आहेत, अंडी नव्हेत. इतर काही हॉकमॉथच्या अळ्यांनाही डोळ्यांसारखे ठिपके असतात, पण त्या अळूवर, तेरड्यावर किंवा द्राक्षाच्या वेलीवर सापडतात. म्हणून अळी ओळखताना आधी झाड ओळखा.

अळीच्या अंगावर बारीक पांढरे, चिकटून बसलेले दाण्यांसारखे ठिपके असतील तर ती बहुधा परोपजीवी माशीची अंडी असतात. आतून माशीच्या अळ्या तिला पोखरतात. अशी अळी वाढताना चांगली दिसते आणि कोषात जाताना किंवा गेल्यावर मरते. तुमची चूक नाही. बागेतून मोठी अळी आणली की हा धोका येतो. अंड्यापासून जाळीच्या आत वाढवलेल्या अळीला तो जवळजवळ नसतो.

अळी काळी पडते तेव्हा

इथेच सगळे चुकतात. एके दिवशी तुमची टवटवीत हिरवी अळी खाणं सोडते. काही तासांत पाठ तपकिरी, मग जांभळट-काळसर होते. निळे डोळे काळवंडतात. शेवटची लेंडी पातळ, ओली येते. आणि आतापर्यंत फांदी न सोडणारी अळी डब्याभर सैरावैरा धावायला लागते. माझी पहिली अळी अशी झाली तेव्हा ती सडली असं समजून मी तिला पाचोळ्याच्या ढिगावर टाकून दिलं. दुसरी अळी तशीच काळी पडली तेव्हा कळलं की पहिली अगदी ठणठणीत होती. एक समाधान आहे. चुकून का होईना, मी तिला नेमकं तिला हवं तिथे ठेवलं होतं.

कारण ती आता झाडावरून उतरून पाचोळा शोधत असते. हिरव्या पानांत हिरवी अळी लपते, तपकिरी जमिनीवर ती दिसली असती. म्हणून आधी रंग बदलतो, मग उतरते. रोगी अळी लुळी असते, दाबली तर पाणी सुटतं, वास येतो. कोषाला निघालेली अळी घट्ट, चपळ आणि बिनवासाची असते. हा फरक एकदा हाताला कळला की पुन्हा गोंधळ होत नाही.

काळी पडायला लागली की तिला वेगळ्या डब्यात हलवा. तळाशी पाचसहा सेंटीमीटर सुकी पानं, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा चुरगळलेला कागद घाला. वर झाकण लावा आणि डबा अंधाऱ्या जागी ठेवा. ती पानांमध्ये शिरून काही थोड्या रेशमी धाग्यांनी दोन-चार पानं जोडते. जाड, बंद कोशेटा होत नाही, नुसता विरळ आडोसा होतो. तिथे ती आखडून, आखूड होऊन पडते. आता आठवडाभर बघायचं नाही. मला माहीत आहे की तुम्ही बघणारच आहात. निदान हात लावू नका. या दिवसांत कात सुटून आतला कोष बाहेर येतो, तो सुरुवातीला मऊ आणि फिकट असतो आणि त्याला लागलेला धक्का पतंगाच्या पंखात दिसतो.

कोष

कोष पाच-सहा सेंटीमीटरचा, फिकट तपकिरी. बाजूने ओळीने काळे ठिपके, ही श्वसनछिद्रं. पोटाच्या बाजूने एक काळी रेघ. हलकेच स्पर्श केला तर मागचा भाग वळवळतो. तो वळवळला म्हणजे आत सगळं ठीक आहे, पण हा खेळ रोज करू नका.

कडक झालेला कोष किंचित ओलसर टिश्यूवर आडवा ठेवा. दोन-तीन दिवसांनी बाजूच्या कागदावर थोडं पाणी शिंपडा, कोषावर थेट ओतू नका. फार कोरड्या हवेत पतंगाला कवच फोडून बाहेर पडता येत नाही, फार ओल्यात बुरशी येते. मग डब्यात एक खडबडीत काठी उभी लावा किंवा भिंतींना आतून जाळी लावा. ही गोष्ट विसरू नका. बाहेर आलेल्या पतंगाला लगेच वर चढून लटकावं लागतं. गुळगुळीत प्लास्टिकवर तो घसरत राहतो, पंख तसेच चुरगळलेले सुकतात आणि तो कधीच उडत नाही.

उबदार हवेत दोन ते तीन आठवडे जातात. शेवटच्या एक-दोन दिवसांत कोष गडद होतो आणि पंखांच्या जागी आतली नक्षी दिसायला लागते.

पतंग

बाहेर आल्यावर तो ओला, पंख नखाएवढे. चढतो, लटकतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात पंख पूर्ण पसरतात. ते कडक व्हायला आणखी काही तास लागतात. या काळात तो पोटातून तांबूस पाणी सोडतो. रक्त नव्हे, कोषातला साठलेला मळ आहे.

पंखांचा विस्तार आठ ते बारा सेंटीमीटर. पुढच्या पंखांवर शेवाळी हिरव्या रंगाच्या इतक्या छटा आहेत की एक नाव देता येत नाही. मधून गुलाबीसर पांढरी पट्टी जाते, कडेला जांभळट झाक, आणि पंखाच्या मुळाशी फिकट डागात एक गर्द ठिपका. अळीच्या डोळ्यांची आठवण करून देणारा. मागचे पंख मळकट तपकिरी, बसलेला असताना झाकलेले. दिवसा हिरव्या पानांत तो असा काही मिसळून जातो की हातभर अंतरावरून सापडत नाही.

त्याला डब्यात दुसरा दिवस काढायला लावू नका. अंधार पडताच तो उडू पाहतो आणि जाळीवर आपटून पंखांचे खवले झडतात. सांजवेळी डबा उघडा ठेवा, जवळ कण्हेर किंवा तगर असेल तर उत्तम. तो लगेच जात नाही. आधी पंख वेगाने थरथरवतो, कारण उडण्याचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय हॉकमॉथला हवेत उठता येत नाही. मिनिटभराची ती घरघर ऐकू येते. मग एकदम सरळ वर, आणि गेला. जाई, पिटुनिया यांसारख्या फुलांसमोर हवेतच एका जागी थांबून तो लांब सोंडेने मध पितो, तेव्हा त्याला छोटा पक्षी समजणारे बरेच असतात.

गेल्यावर डबा धुऊन उन्हात वाळवा. उरलेलं रिकामं कवच मात्र ठेवून द्या. त्यावर मिशा, पाय, पंख आणि सोंड यांची प्रत्येकाची वेगळी खाच उमटलेली असते, भिंगाने बघता येते. जवळ एक वही ठेवली असेल तर त्यात अंडं कधी सापडलं, काळी कधी पडली, कोषात किती दिवस होती या तारखा लिहा. पुढच्या खेपेला अळी काळी पडेल तेव्हा ती वही उघडा.